मुठीवर दिसेल तेव्हा

डोंगराचे आम्ही तीन वाटे केलेत,
कागदावर नाही, ओहळांवर:
वरचा, मधला आणि आंब्याखालचा.
दरसाल एकच जाळायचा.
ज्याची पाळी नाही, त्याच्या अंगावर ठिणगीसुद्धा उडू द्यायची नाही.

यंदा मधला.
शिमगा होऊन सहा दिवस झाले होते.
पहाटेच कडेची पट्टी सोलून काढली,
दोन कुदळींच्या रुंदीची, मातीपर्यंत.
ओली पोती, निरगुडीच्या फांद्या,
आणि वाळीबाच्या ओठात न पेटवलेली बिडी.
"आज काडी एकदाच ओढायची," म्हणाला.

आग वरून लावायची असते.
खालून लावली की धावत सुटते,
वरून लावली की पाय जपत उतरते,
डोक्यावर हंडा असल्यासारखी.
मधेच टिटवीची तीन अंडी सापडली.
त्यांच्याभोवती परातीएवढी जागा खरवडून ठेवली.
टिटवी दिवसभर आम्हालाच शिव्या घालत होती.

घोटीच्या बाजारात कुणी विचारतं,
चांगलं उभं गवत जाळता कशाला?
चांगलं? कुसळीला कुसळं धरली
की गाय तोंड लावते आणि मागे घेते.
जीभ सोलते. डोळ्यात टोचतं.
पोट फुगलेलं दिसतं, अंगाला काही लागत नाही.
बरगड्या मोजायला मास्तर लागत नाही.

नवव्या दिवशी राखेतून हिरवं आलं.
पाऊस नाही, काही नाही.
रात्रीचं दव आणि मुळांची जुनी शिल्लक.
वाडीतली सगळी डांगी गुरं
दावणीला उभी राहून एकाच दिशेला नाक करून.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, पंचवीस दिवस थांबा.
ठकूबाई म्हणाली, दिवस गवताला मोजता येत नाहीत.
मूठ उभी जमिनीवर टेकवायची,
अंगठ्याच्या वर पातं दिसलं की सोडायची गुरं.
मग भांडण, की मूठ कुणाची?
वाळीबाची म्हणजे नारळ,
त्याच्या पोराची म्हणजे आवळा.
शेवटी माझी ठरली.
माझी एकच गाय, मणेरी, आणि तिचा गोऱ्हा.
जिला कमी, तिला घाई कमी, असं त्यांचं गणित.

चौदाव्या रात्री मणेरीनं दावं तोडलं.

सकाळी दिसली मधल्या वाट्यात,
काळ्या राखेत एकटी पांढरी,
मान वर न करता.
मी हाक मारली नाही. कुणी उठण्याआधी
शिंगाला धरून आणावी, एवढंच मनात.
पण टिटवी होती ना. गप्प बसेल ती?

दंड एक भारा पेंढा. मीच ठरवलेला होता.
डोक्यावर घेऊन गेले, सामायिक गंजीवर टाकला.
कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.
संध्याकाळी मणेरीचं शेण पाण्यासारखं.
कोवळ्यात नुसतं पाणीच असतं, आधी सुकं पोटात पाहिजे,
हे मीच सगळ्यांना सांगत फिरले होते.
वाळीबा आला, त्याच भाऱ्यातल्या दोन पेंढ्या
तिच्यापुढे टाकून गेला.

सत्ताविसाव्या दिवशी मूठ टेकवली.
पातं अंगठ्याच्या वर, तांदळाच्या दाण्याएवढं.
तरी म्हटलं, उद्या.
दुसऱ्या दिवशी सोडली, पहिल्यांदा दोनच तास,
सकाळी पेंढा चारून.
दुधाला आठवड्यात फरक पडला.
डेअरीवाल्यानं माप दोनदा पाहिलं.

आता मधला वाटा पोटरीएवढा झालाय.
आंब्याच्या रेषेत, ओहळापासून वीस पावलांवर,
लुगड्याएवढा एक तुकडा मात्र अजून खुरटा आहे.
तिथं कुसळी आधी उठेल, पवना मागे राहील.
कुणाला सांगितलं नाही, दिसतंच सगळ्यांना.
येताजाता मी तिथं बसते,
मूठ टेकवते.
मनगटाच्या हाडापर्यंतसुद्धा येत नाही.